जाताना सोळा, येताना सतरा

१

फुलीबाईंनी पास केलेल्या भिंतीला पाठ टेकून हत्तीनेही झोप काढावी, असं त्या लष्करी अकादमीत म्हणत. पण पास होणं म्हणजे खायचं काम नव्हतं. बाईंच्या उजव्या कानामागे कायम पांढरा खडू खोचलेला असायचा. खोलीत शिरल्या की त्या आधी चकार शब्द बोलत नसत. दाराच्या बिजागरीपासून सुरुवात करून भिंतीच्या कडेकडेने फिरत पुन्हा दारापाशी येत, आणि जिथे चूक दिसेल तिथे खडूने फुली मारत. गिलाव्याला पोट आलंय, फुली. लादीवर काठी ठोकली तर पोकळ वाजतेय, फुली. खिडकीची कडी नवरी रुसावी तशी अडून बसतेय, फुली. बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं म्हणतात, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही.

एकोणिसाव्या वर्षी त्या डोक्यावर घमेलं घेऊन कामावर आल्या. अक्षरं शिकल्या सिमेंटच्या गोण्यांवरून, आकडे शिकल्या मोजपट्टीवरून. आता छत्तीस वर्षांनी अकादमीतल्या सगळ्या बांधकामाच्या त्या सुपरवायझर होत्या, आणि पदव्या गळ्यात अडकवून आलेले इंजिनियर त्यांना विचारून मगच स्लॅब टाकत. बाईंना याचा गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत. लपवायचा कशाला? चोरून थोडाच आणला होता!

त्यांचे नियम दोनच. पहिला: दोष नाही अशी खोली नसते. दोष दिसला नाही, म्हणजे पाहणाऱ्याने पाहिलं नाही. त्यामुळे प्रत्येक खोलीत निदान एक तरी फुली पडायचीच. दुसरा: पाहणी पुढे पुढे करत जायची, आल्या वाटेने परतायचं नाही. इकडच्या जिन्याने चढायचं, व्हरांडा संपला की तिकडच्या जिन्याने उतरायचं. "मागे वळून पाहिलं की माणसाला स्वतःचंच कौतुक वाटायला लागतं," असं त्या म्हणत.

कामगारांची रीत नेमकी उलटी. रंगारी असो की लादी पुसणारा, तो टोकापासून सुरू करून मागे मागे सरकत जिन्याशी येतो, नाहीतर आपल्याच ओल्या कामापलीकडे अडकून बसेल. म्हणून बाई आणि कामगार नेहमी समोरासमोर येत, आणि समोर आले की भांडण ठरलेलं.

सगळ्यांत मोठं भांडण व्हायचं रंगाऱ्याशी. कारण रंगारी बाईंचा नवरा होता.

२

कॅडेटांच्या नव्या वसतिगृहाचं काम संपत आलं होतं. तीन मजले, मजल्याला सोळा खोल्या, सगळ्या एका रांगेत. समोर कठड्याचा लांब व्हरांडा आणि खाली कवायतीचं मैदान. दिवसभर बँडचा सराव चाले. मोठ्या ढोलाचा "धम, धम" आवाज प्रत्येक खोलीत यायचा आणि गवंडी त्याच्या तालावर थापी मारायचे. आठ दिवसांनी दुपारी बाराच्या ठोक्याला इमारतीचा ताबा द्यायचा होता. बाईंच्या हातची ही शेवटची इमारत. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. त्यामुळे त्यांची मिजास काही विचारू नका.

त्या सकाळी किल्ल्या आल्या. प्रत्येक किल्लीला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर खोलीचा आकडा. बाईंनी टेबलावर रांग लावली आणि मोजायला घेतली. सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. आणि त्यापुढे, इतर किल्ल्यांपेक्षा जरा जास्त झळकणारी, एकोणपन्नास.

"सुतारदादा," बाईंनी हाक मारली, "बिल्ले करणाऱ्याला चढली होती का? ही एकोणपन्नासावी कुठून आली?"

सुतार दारात रंधा पुसत उभा होता. "कुठून म्हणजे? दारं एकोणपन्नास केली, एकोणपन्नास बसवली, मग किल्ल्या तेवढ्याच येणार की."

"खोल्या अठ्ठेचाळीस आहेत."

"असतील कागदावर. दारं मी बसवलीत बाई, मला विचारा. वरच्या मजल्यावरची ती मधली खोली, वारा मस्त येतो तिथे. जेवण झाल्यावर पाच मिनिटं पडलो होतो," सुतार जीभ चावून हसला. "आणि आता काय विचारता? तुम्हीच तर पास केलीत. 'झकास' म्हणालात!"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की कच्चा असता तर तिथेच तडकला असता. "मी? झकास?"

"आईशप्पथ! आम्ही सगळे दिवसभर तेच बोलत होतो. फुलीबाई झकास म्हणाल्या, आता ढग जमिनीवर येणार."

वायरमनला विचारलं. त्याने पंखे मोजून सांगितले, एकोणपन्नास. "त्या खोलीतला पंखा तर फिरताना वाजतच नाही, बाई. असा मी जन्मात बसवला नव्हता." सांगतानाही त्याचा चेहरा उजळला होता.

बाई तडक वर गेल्या. तिन्ही मजले, प्रत्येक दाराला हात लावत. सोळा, सोळा, सोळा. शेवटच्या जिन्याने खाली आल्या आणि सुताराला म्हणाल्या, "एक दार, एक पंखा, एक किल्ली जास्तीची आलीय. कोठारात नीट शोध. आणि दुपारची झोप काढायची असेल तर घरी जाऊन काढ."

३

बाईंची एक जाडजूड वही होती. खोलीला एक पान. पानावर किती फुल्या, कुठे, का, आणि दुरुस्ती झाली की सही. दुपारी त्यांनी चष्मा लावून वही उघडली आणि अठ्ठेचाळिसावं पान उलटलं.

पुढचं पान कोरं नव्हतं. वर लिहिलं होतं, "खोली ४९." खाली, "दोष: नाही." आणि त्याखाली त्यांची सही.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हे दोन शब्द त्यांनी छत्तीस वर्षांत कधी जोडून लिहिले नव्हते. स्वतःच्या पोटच्या लेकीबद्दलही नाही. पण अक्षर त्यांचंच. गोण्यांवरून शिकलेला तो "द", पोट पुढे काढून उभा. "ष" ची ती तिरपी रेघ, जरा जास्तच लांब. दुसऱ्या कुणाची नक्कल म्हणावी तर हा "द" दुनियेत दुसरा कुणी काढत नव्हता.

डोकं म्हणालं, वय झालं बाई. कामाचा रेटा आहे, रात्रीची झोप नाही. लिहून गेली असशील आणि विसरली असशील. परवा नाही का चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधलास?

ते त्यांनी मान्यही केलं. वही मिटायला गेल्या आणि थबकल्या. त्यांच्या ओळी नेहमी चढणीला लागत. शाळेच्या पाट्या कधी हाती आल्या नव्हत्या, ओळ सरळ राखायला शिकवलं नव्हतं कुणी. इथली ओळ मात्र दोरी ताणून धरल्यासारखी सरळ होती.

सही त्यांचीच होती. फक्त शाळेत जाऊन आलेली.

४

संध्याकाळी नवरा गाणं गुणगुणत घरी आला. अकादमीच्या कुंपणाला लागूनच त्यांचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. तिथल्या पंख्याला कटकटायची खोड होती, कपाटाचं दार कितीदा बसवलं तरी पायाने ढकलावं लागे, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवऱ्यानेच दिलेल्या रंगाचे ओघळ होते. बाईंनी त्यावर मारलेल्या फुल्या बारा वर्षं तशाच होत्या. पुसायच्या कुणी, हा वाद अजून मिटला नव्हता.

"भाजीत मीठ जास्त झालंय," बाई मुद्दाम म्हणाल्या.

"छान झालीय की," नवरा म्हणाला आणि खाऊ लागला.

बाईंच्या हातातला डाव खाली आला. चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस मिठावरून एकदाही गप्प बसला नव्हता. रंगाच्या धुळीने त्याला खोकला जडला होता, आणि दोन घास, एक खोकला, एक तक्रार असं त्याचं जेवण चाले. आज खोकला होता, तक्रार नव्हती.

"काय हो, तब्येत बरी आहे ना?"

"एकदम. आज त्या वरच्या खोलीत शेवटचा हात मारत होतो. तिथे खोकला कसा तो येतच नाही. अगं, आणि तू किती छान बोललीस आज! मला वाटलं, ही माझीच बायको का?" तो खुशीत हसला. "म्हणालीस, असा रंग बापजन्मात पाहिला नाही. बसा जरा, म्हणालीस. बसलो. गप्पा मारल्या."

बाईंचं काळीज एक पायरी चुकलं. पण तोंड सुटलंच. "कोण सटवी बसलीय तिथे? आं? दिवसभर मी किल्ल्यांशी, वहीशी आणि खालच्या मोरीच्या नळांशी झगडत होते. तुमच्याशी गोडगोड बोलायला मला वेळ होता का?"

"तूच होतीस की. कानामागे खडू, अंगात तो निळा कोट." तो पाणी प्यायला. "मला काय बायको ओळखता येत नाही? आणि दुसरी कुणी माझ्याशी गोड बोलेलच कशाला? माझं तोंड बघ."

दोघंही हसले. हसता हसता बाईंची नजर त्याच्या कोपरावर गेली. तिथे रंगाचा एक ठिपका होता. सकाळच्या कोवळ्या उन्हाचा असतो ना, तसा काहीसा रंग. त्या इमारतीत पांढरा आणि राखाडी, एवढेच दोन रंग मागवले होते. बाईंनी ओल्या फडक्याने ठिपका पुसला. तो जायला तयार नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी मेजरसाहेबांना गाठलं. मेजर म्हणजे अकादमीच्या बांधकाम खात्याचा प्रमुख, लेकाच्या वयाचा, हसरा, बाईंना वचकून असणारा. दोघं जिन्याने चढले आणि व्हरांड्यातून चालत गेले. मेजर मोठ्याने मोजत होता. तिन्ही मजल्यांवर सोळा आणि सोळाच.

"बाई, तुम्हीसुद्धा निवृत्त व्हायच्या आधी आमची फिरकी घेणार होय!" मेजर हसत दुसऱ्या जिन्याने उतरला. बाईही हसल्या. मोजून झालं होतं. मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही तर ठेवायचा कशावर?

पण इमारतीत काहीतरी मुरत चाललं होतं. लोक खूश होते. गवंडी शीळ घालत, लादीवाल्या बायका एकमेकींना टाळ्या देत. कुणी चहाला आधी उठत नव्हतं की घरी जायची घाई करत नव्हतं. इतकं चांगलं काम आपल्या हाताखाली कधी झालं नाही, हे बाईंना कळत होतं. आणि फुल्या कमी पडत होत्या. दिवसाला खडूची एक कांडी लागायची, ती आता तीन दिवस पुरायला लागली.

नवरा मात्र रोज उशिरा उतरू लागला. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग दोन. डबा जसा नेला तसा परत येऊ लागला. "तिथे भूकच लागत नाही," तो सांगे. मग पितळी पेला गेला, मग उशी, मग त्याची जुनी शाल.

"शाल कशाला हवी कामावर?"

"तूच म्हणालीस, इथेच ठेवा सामान. रोज ने-आण कशाला?"

"अहो, ती मी नाही!" बाई ओरडल्या.

नवऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. अगदी प्रेमाने पाहिलं. पण त्या नजरेत तुलना होती. दोन भिंतींवरचा एकच रंग ताडून पाहावा, तशी.

"उद्या बाराला इमारतीला कुलूप लागणार आहे," त्या हलकेच म्हणाल्या. "किल्ल्या मी मेजरच्या हातात देणार. उद्या वर जाऊ नका."

"एकच हात राहिलाय गं. येतो अकरापर्यंत."

बाईंनी त्याचे बूट लपवले. तो चपला घालून गेला.

६

ताब्याच्या दिवशी नुसता उत्साह. मैदानावर बँड कडक गणवेशात उभा, कॅडेटांच्या रांगा पट्टी लावून ओढल्यासारख्या. सुताराने डोक्याला तेल लावलं होतं, वायरमनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खाली टेबलावर किल्ल्यांची पेटी, शेजारी बाईंची वही. अठ्ठेचाळीस किल्ल्या पेटीत होत्या. एकोणपन्नासावी बाईंच्या कोटाच्या खिशात होती.

सव्वाअकरा झाले. नवरा नाही.

"वर असेल," सुतार म्हणाला. "सकाळी गाणं ऐकलं मी त्याचं."

जिन्यात रंगाची बादली आडवी पडली होती. बाई दोन-दोन पायऱ्या चढत तिसऱ्या मजल्यावर पोचल्या. लांबलचक व्हरांडा, एका बाजूला कठडा आणि ऊन, दुसऱ्या बाजूला बंद दारं. तेहेतीस, चौतीस, पस्तीस. चाळीस आणि एक्केचाळीस या दोन दारांच्या मधे, कोऱ्या भिंतीसमोर, नवऱ्याच्या चपला होत्या. नीट शेजारी शेजारी काढलेल्या. अंगठे भिंतीकडे.

बाईंनी भिंतीवर काठी ठोकली. भरीव. वरून, खालून, मधून, सगळीकडे भरीव. स्वतःच पास केलेली विटांची भिंत, जाडी नऊ इंच. नऊ इंचात माणूस मावत नाही.

"अहो!" त्यांनी हाक मारली. खालून ढोल वाजला, धम, धम.

त्या टोकापर्यंत धावत गेल्या. सोळा. दुसऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबल्या. रंगारी इकडून सुरुवात करतो. सुतार, वायरमन, लादीवाल्या, सगळे इकडून सुरुवात करून मागे जातात. या इमारतीत या टोकाकडून त्या टोकाला आजवर चालत गेलं नव्हतं असं एकच माणूस होतं.

छत्तीस वर्षांचा नियम मोडायला त्यांना एक श्वास लागला. बाई मागे वळल्या.

अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. प्रत्येक दाराला हात लावत, मोठ्याने मोजत. त्रेचाळीस. बेचाळीस. एक्केचाळीस. ढोल वाजत होता, धम, धम. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि ढोल थांबला.

कठड्यावरून पाहिलं तर खाली ढोलवाल्याचा हात वर-खाली होत होता. आवाज तेवढा येत नव्हता.

एक्केचाळीस आणि चाळीसच्या मधे दार होतं. चपला त्याच्या उंबऱ्याशी होत्या. पितळी पट्टीवर आकडा होता, आणि आतून त्यांचा नवरा हसत होता. तसं हसताना बाईंनी त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं.

७

किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली.

आधी आला तो वारा. मग तो रंग. भिंती नव्हत्याच जणू, नुसती सकाळ उभी होती चारी बाजूंनी. पंखा फिरत होता, आवाज नव्हता. नवरा खुर्चीत पाय पसरून बसला होता, अंगावर शाल, हातात पेला, काहीतरी रंगवून सांगत होता. त्याच्यासमोर, दाराकडे पाठ करून, एक बाई बसली होती. निळा कोट. पांढऱ्या केसांचा तोच घट्ट अंबाडा. कानामागे खडू. अख्खी कांडी, कधी न वापरलेली.

तिचा हात खुर्चीच्या पाठीवर सहज टाकलेला होता. बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मनगटावरचा तीळ त्यांचा. अंगठ्याची ठेवण त्यांची. पण चुन्याने खाल्लेली नखं कुठे होती? सिमेंटने पडलेल्या भेगा कुठे होत्या? घमेलं न उचललेला, पाटी-पुस्तक धरलेला हात होता तो. आपण शाळेत गेलो असतो तर आपलाही असाच असता.

तिथे तिसरी खुर्चीही होती. रिकामी. बाईंना छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच आपले पाय किती दुखतात ते कळलं.

सवयीने त्यांची नजर फिरू लागली. बिजागरी: सरळ. कोपरे: काटकोनात. गिलावा: आरसा. कडी, सांधे, लादी, छत. त्या कडेकडेने पाहत पुन्हा दारापाशी आल्या, आणि काही म्हणजे काही सापडलं नाही. उंबऱ्यावर उचललेला पाय अधांतरी राहिला. गळ्यात एक शब्द येऊन बसला होता, आणि तो होता "झकास".

मग नवऱ्याच्या खुर्चीखाली त्यांना ब्रश दिसला.

"अहो!" बाई कडाडल्या. "ब्रश धुतला का? नाही धुतला! चौतीस वर्षं ओरडतेय, ओला ब्रश ठेवला की दगड होतो, पण ऐकेल तो रंगारी कसला! बादली जिन्यात लोळतेय, चपला भर रस्त्यात, खाली मेजर घड्याळाकडे बघून घामाघूम झालाय, आणि हे बसलेत इथे नवाबासारखे! उठा! उठताय की येऊ आत?"

येणार नव्हत्याच त्या. पाय मागे घेतला होता.

नवऱ्याचं हसू थांबलं. त्याने दाराकडे पाहिलं. मग समोरच्या बाईकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे. त्या पंख्याखाली वेळ कसा जात होता कोण जाणे, पण बाईंना त्यांच्या उरलेल्या सगळ्या सकाळी त्याच्या दोन डोळ्यांत अडकलेल्या दिसत होत्या.

"शाल राहू दे तिथेच!" त्या पुन्हा ओरडल्या. आवाज फाटला. "नाहीतरी धुवायची कधी आठवण झाली नाही तुम्हाला. चला म्हणते ना!"

"आलो, आलो," नवरा पुटपुटला. "ओरडू नकोस. सगळी इमारत ऐकतेय." शाल गळून पडली. तो उठला, धडपडला आणि दाराशी आला. उंबरा ओलांडताच त्याला जी खोकल्याची उबळ आली, ती बाईंना बँडपेक्षा गोड वाटली.

त्याच्या खांद्यावरून त्यांना दिसलं, की पाठमोरी बाई वळू लागली होती. सावकाश. अर्धा गाल दिसला, त्यावर हसू होतं, आणि ते हसू गालावर जिथे थांबायला हवं तिथे थांबत नव्हतं.

बाईंनी दार ओढलं. किल्ली फिरवली. कानामागचा खडू काढून दारावर, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, आयुष्यातली सर्वांत मोठी फुली मारली. खडूचे तुकडे तुकडे झाले.

"दोष काय काढलास?" नवऱ्याने धापा टाकत विचारलं.

"दोष नाही," बाई म्हणाल्या. "हाच."

८

बाराला पाच कमी असताना दोघं खाली आले. बाईंनी वही उघडली. सरळ ओळीतल्या "दोष: नाही" खाली आपल्या चढणीच्या अक्षरांत लिहिलं: "आहे. ताबा देऊ नये." मग मेजरच्या हातात अठ्ठेचाळीस किल्ल्यांची पेटी दिली. बँड वाजला, कॅडेटांनी टोप्या उडवल्या, सुताराने वायरमनला उचलून घेतलं. मेजरने सगळ्यांसमोर बाईंना कडक सलाम ठोकला, आणि बाईंनी तो असा घेतला जणू उशिराच मिळाला.

परत जाऊन मोजायला त्या गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोजणी अर्धी सोडली. पुढे सुताराने कधीतरी सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावरचे कॅडेट फार खेळीमेळीने राहतात, सकाळी हसत उठतात. बाईंनी विषय बदलला. मग मेजरला एक चिठ्ठी पाठवली, की त्या मजल्यावर सगळ्यांनी एकाच दिशेने चालावं, लादी चांगली राहते. बाईंनी सांगितलं म्हणजे नियम झाला.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला एकदाच विचारलं. "मग उठलात कसे?"

तो आपल्या कोपरावरचा ठिपका नखाने खरवडू लागला. "तिथली तू एकदाही भांडली नाहीस गं," तो म्हणाला. "पहिले दिवस मजा वाटली. मग वाटायला लागलं, हिला मी दिसतोय तरी का?"

तेव्हापासून त्याला एक सवय लागली. सकाळी चहाचा कप हातात घ्यायचा आणि थांबायचं. बाई काहीतरी खेकसल्या, की मगच पहिला घोट. बाईंना निवृत्तीत हे कामच मिळालं. टॉवेल ओला, पेपर उलटा, दाढी अर्धी. एकही दिवस खाडा नाही. शेजारीपाजारी म्हणत, म्हातारा-म्हातारीचं काही जमत नाही. आणि ती दोघं भिंतीआड पोट धरून हसत.

परवाची गोष्ट. बाईंना जाग आली ती फार दिवसांनी झालेल्या गाढ झोपेतून. पाय दुखत नव्हते. खिडकीतून छान वारा येत होता. नवरा कप घेऊन समोर उभा होता, वाट पाहत.

बाईंनी टॉवेल पाहिला. वाळत घातलेला. दाढी गुळगुळीत. पेपर सुलट. कपाटाकडे पाहिलं, दार घट्ट लागलेलं. पंखा फिरत होता, आणि कटकटत नव्हता.

"बोल की," नवरा म्हणाला.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. उन्हात ओघळ दिसेनात. फुल्याही दिसेनात. खुंटीवर एकोणपन्नासाचा बिल्ला लटकत होता, वाऱ्यातही न हलता. बाई बिजागरीपासून सुरुवात करून कडेकडेने बघत गेल्या आणि पुन्हा दारापाशी आल्या.

"अगं, बोल ना काहीतरी." तो एक पाऊल पुढे आला. "एवढं तेवढं. काहीही."

बाईंनी तोंड उघडलं. गळ्यात तोच शब्द येऊन बसला होता. त्यांनी तो दातांत धरला आणि कान टवकारले. ही बँडच्या सरावाची वेळ. मैदान कुंपणापलीकडे, हाकेच्या अंतरावर. आवाज नव्हता. त्या ऐकत राहिल्या. नवराही ऐकत राहिला. कपातल्या चहावर साय धरली.

धम.

दोघांनीही श्वास सोडला नाही.

धम. धम. आणि मग, ताल सोडून, कुणीतरी पाय घसरून पडावं तसा, धडाम्‌.

"चुकला!" बाई अंथरुणातून उडी मारून खिडकीशी धावल्या. "चुकला मेला! अहो, ऐकलंत का? नवा ढोलवाला आहे, तालाचा पत्ता नाही! कोण शिकवतं रे याला? अरे ए, हात आहे की मुसळ?"

मागे नवऱ्याने पहिला घोट घेतला, आणि तोंड वाकडं केलं.

"साखर आणायची विसरलीस," तो म्हणाला.